तुझ्या नावाची पायरी

केरबा, तुझ्या नावाचा दगड रविवारी सकाळी दवाखान्याच्या दारात बसवायचा असं कमिटीनं ठरवलं, तेव्हा विरोधात हात वर करणारा मी एकटा होतो.

शोकसभा नुकतीच संपली होती. सतरंज्या अजून गुंडाळल्या नव्हत्या. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले आणि त्यातलं बरंचसं खरं होतं, असं आपल्याकडे क्वचित घडतं. मग अध्यक्ष तात्या उठले. म्हणाले, "केरबा कांबळ्यानं ह्या गावाला दवाखाना बांधून दिला. त्याच्या नावाची एक पायरी दारात पाहिजे. काळा दगड, वर नाव. येणारा-जाणारा पाय ठेवील, नाव वाचील."

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण सगळ्या माना हलल्या.

मी म्हणालो, "पायरी सोडून काहीही बसवा."

"का?"

"त्यानं पायरी ठेवली नाही म्हणून."

"इसरला असंल," मागून कोणीतरी म्हणालं. "म्हणून तर आपण बसवायची."

तो माणूस थट्टा करत नव्हता. देवळाच्या पायऱ्यांवर नावं कोरायची आपली जुनी रीत. ज्याचा मान करायचा त्याला पायरी द्यायची, एवढंच या लोकांना माहीत. पण ज्या इंजिनिअरनं जन्मभर इमारतींच्या पायऱ्या काढून टाकल्या, त्याला प्रेमानं पायरी भेट द्यायची हे आपल्या निपाणीकरांनाच सुचावं. तू असतास तर पोट धरून हसला असतास. मला हसू येईना. कारण दगड आधीच घडवायला दिला होता.

या कमिटीची पहिली बैठक आठवते का? आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली आपल्याला ओढ्यालगतची जागा मिळाली. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं अडीच फूट उचलावं लागणार हे मी नळीत पाणी भरून, पातळी मोजून सांगितलं होतं. तात्यांना पाच पायऱ्या हव्या होत्या. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, "लाभ, नष्ट, लाभ, नष्ट, लाभ. पाचवी लाभावर येती."

तू म्हणालास, "शून्य ठेवू या."

"शून्य म्हंजे लाभ का नष्ट?"

"ते मास्तरला विचारा. गणित त्याचं."

मी हायस्कुलात गणित शिकवणारा माणूस. सरळ उत्तर दिलं, की शून्य ही सम संख्या आहे. सम म्हणजे नष्ट. बैठक त्यावरून तासभर लांबली आणि तू खाली मान घालून हसत बसलास. नंतर तू तुझा उतार समजावून दिलास. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. खेड्यातून पेशंट बाजेवर घालून आणतात. पायरीवर पुढचे दोघे वर जातात, मागचे दोघे खाली राहतात आणि मधला माणूस घसरतो. उतारावर बाज आडवीच राहते. चाकाची खुर्ची, पोटुशी बाई, काठी टेकत येणारा म्हातारा, सगळे एकाच दारानं आत जातील. तू आवाज न चढवता बोललास. कोणाची दया आली पाहिजे असं एकही वाक्य तुझ्या तोंडून आलं नाही.

ते मुद्दाम होतं हे मला पुढे कळलं.

आपलं भांडण त्या बैठकीत झालं नाही, ते झालं जागेवर, नांदरुकाच्या झाडाखाली. अडीच फुटांना तीस फूट उतार हवा. सरळ रेषेत जागा एकवीस फूट, पुढे झाड. मी म्हणालो, झाड तोड, नाहीतर उतार बाराऐवजी आठाला एक कर. तू म्हणालास, दोन्ही नाही. उतार झाडाला वळसा घालून नेऊ, वळणावर दम खायला सपाट जागा ठेवू, सावली फुकट मिळेल.

"मुळं दहा वर्षांत फरशी उचलतील," मी म्हणालो.

"उचलू देत की. फरशी चुन्यात नको, वाळूत बसवू. उचलली की काढायची, माती सारखी करायची, परत लावायची."

"म्हणजे हे काम कधी संपायचंच नाही."

"माझी आई दर आठवड्याला जमीन सारवती. तिला कधी म्हणालास, की आक्का, तुमचं घर अपुरं राहिलं?"

मला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. मुळानं फरशी उचलली हे मागच्या पावसाळ्यानंतर मी तुला जागेवर नेऊन दाखवलं. तू वाकून बघितलंस आणि म्हणालास, "वाढलंय की." पाहुण्याचं पोर बऱ्याच दिवसांनी बघावं तसं. त्या दिवशी मी तुझ्यावर खरोखर चिडलो होतो. आता वाटतं, आणखी एकदा चिडायला मिळावं.

सिमेंट परमिटवर मिळायचं ते दिवस. कमिटी परमिटची वाट बघायला तयार होती. स्लॅबशिवाय दवाखाना म्हणजे गोठा, असं तात्यांचं मत. त्याच सुमाराला तात्यांची जुनी तंबाखूची वखार पाडायला काढली होती. तू तिचे काळे दगड आणि सागवानी तुळया मागून घेतल्यास. भिंती चुन्यात बांधल्यास, वर कौलं घातलीस. इमारत उन्हाळ्यात इतकी गार राहते, की बरे झालेले लोकसुद्धा दुपारचे ओसरीवर येऊन बसतात. फक्त एक गोष्ट तुझ्या हिशोबात नव्हती. हवा दमट झाली की तुळया जुना तंबाखूचा वास सोडतात. डॉक्टर शिंकतात. बिडी न पेटवता ठसका लागणारा हा पहिलाच दवाखाना, असं तात्या पाहुण्यांना अभिमानानं सांगतात.

त्या वखारीत तुझ्या आईनं, आक्कानं, निम्मा जन्म तंबाखू चाळला. आणि दवाखान्याच्या उद्घाटनाला गाव आलं, आक्का आल्या नाहीत. बोलवायला मीच गेलो होतो. म्हणाल्या, "जलमभर त्योच वास हुंगला रं मास्तर. आता बरं व्हायला बी तिथंच जाऊ व्हय?"

मी ते येऊन सांगितलं, सगळे हसले, तूही हसलास. पण तू ते सोडून दिलं नाहीस. त्यानंतर आक्का कधीच तिथे आल्या नाहीत. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी नाहीत. डॉक्टरच घरी जायचे. तू बेळगावहून यायचास, तिथलं वडगावातलं तुझं घर, बायको-मुलं, तू बांधत असलेला संकेश्वरचा बाजारकट्टा, कणकुंबीकडची शाळा, सगळ्यांची खबर द्यायचास आणि मग उताराच्या तोंडाशी हात मागे बांधून उभा राहायचास. तुझ्या वस्तीकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत. निघताना दर वेळी एकच वाक्य. "तुळया वापरायला नको होत्या, मास्तर."

खरी गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस, संकेश्वरहून परतताना, एस.टी.च्या खडखडणाऱ्या खिडकीशी. ती मी कुठे बोललो नव्हतो. आता लिहितो आहे ते आक्कांना विचारून.

गावातल्या जुन्या दवाखान्याला दगडी पायऱ्या होत्या. बाकीचे लोक चढून ओसरीवर जायचे. तुम्ही मायलेक खाली उभे. कंपाउंडर वरूनच औषध ओतायचा, आक्का खालून बाटली धरायच्या. एकदा त्याचा हात हलला आणि औषध आक्कांच्या मनगटावरून ओघळलं. दुसऱ्यांदा मागायची सोय नव्हती. आक्कांनी मनगट तुझ्यापुढे धरलं आणि तू ते चाटलंस, कारण ताप तुला होता.

मी विचारलं, "हे बैठकीत का नाही सांगितलंस? तात्या एका मिनिटात गप्प बसले असते."

"व्हय. आन दया म्हणून उतार दिला असता," तू म्हणालास. "मला तो बाराला एक म्हणून पाहिजे होता."

त्यामुळे शोकसभेनंतर सगळे माझ्यावर तुटून पडले तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखं कारण होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं. मी बाजेचं सांगितलं, चाकांचं सांगितलं. तात्या म्हणाले, "मास्तर, मेलेल्या माणसाच्या नावाला बी आडवा येतोस? जिता हुता तवा भांडलास, ते पुरं झालं न्हाय?"

आक्कांनी परवानगी दिल्याशिवाय दगड बसवू नये, एवढं मी मंजूर करून घेतलं. आक्का माझ्या बाजूनं असतील याबद्दल मला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या तुझ्या जुन्या घरी, आक्कांकडे गेलो तर दगड तिथेच होता. तात्यांनी आक्कांना दाखवायला पाठवला होता. भिंतीला टेकून उभा. वर मराठीत तुझं नाव, खाली कानडीत. आपल्या भागात कोणती भाषा वर यावरून डोकी फुटतात, पण तुझ्या दगडावरून कोणी शब्द काढला नव्हता. आक्का शेजारी बसल्या होत्या आणि त्यांचा हात अक्षरांवर होता.

"या मास्तर," त्या म्हणाल्या. "बसा."

शाळेत तुझ्याबरोबर भाकरी खायला यायचो तेव्हापासून त्या मला अरे-तुरे करत आल्या. त्या दिवशी पहिल्यांदा 'या' म्हणाल्या. बातमी माझ्या आधी पोचली होती.

मी सगळं सांगून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "दगूड किती जाड हाय?"

"सहा इंच."

"सहा इंचासाठनं आडवं आलात व्हय?" आणि पुढे, "तुमच्या भावकीतल्या कुणाचं नाव असतं तर आलतासा का आडवं?"

"आलो असतो," मी म्हणालो. खरंच आलो असतो, केरबा. पण मी ते फार लवकर म्हणालो, आणि फार लवकर दिलेल्या उत्तराकडे जसं बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"देवळाच्या पायऱ्यांवर किती नावं हाईत, वाचलीसा न्हवं? मला वाचता येत न्हाय. पर आमचं एक बी न्हाय एवढं ठावं हाय. आज पहिल्यांदा कोण तरी म्हणतंय कांबळ्याचं नाव दारात बसवूया, आन न्हाय म्हणणारा कोण, तर माज्या पोराचा दोस्त."

तेव्हा माझा धीर सुटला आणि एस.टी.त ऐकलेलं मी त्यांना सांगितलं. बाटली, मनगट, सगळं. आक्कांनी अक्षरांवरचा हात काढून आपलं मनगट धरलं. मग म्हणाल्या, "त्याला याद हुतं?"

"होय. म्हणूनच त्यानं पायरी ठेवली नाही. तुमच्यासाठी."

मला वाटलं, झालं. आता सगळं सुटेल. आणि आक्का म्हणाल्या,

"पर मला चढायची हुती की, मास्तर."

त्यांनी हात पुन्हा अक्षरांवर ठेवला.

"खालनं बघायची मी त्या पायऱ्या. किती साल बघितल्या. पोरगा इंजेर झाला, दवाखाना बांधाय लागला, तवा म्हनलं आता ह्यो पायऱ्या घालंल. मी एकेक करून चढंन. समद्यांच्या देखत वर जाऊन बसंन. आन ह्यानं पायरीच काढून टाकली. मग मी चढायचं काय?"

"म्हणून आला नाहीत इतकी वर्षं?"

"तंबाखूचा वास काय, माज्या अंगालाच हाय."

केरबा, तुळयांची काही चूक नव्हती. तू दर खेपेला त्या सागवानाला दोष देत परत गेलास. घरी येताना पोस्टासमोर माझे पाय आपोआप थांबले. बेळगावला ट्रंक कॉल लावावा, तुला म्हणावं, अरे वासाचं नव्हतं ते, उंचीचं होतं. खिडकीपर्यंत गेलो आणि मग आठवलं.

आक्कांनी निघताना निकाल दिला होता. "दगूड बसणार. माज्या पोराचं नाव असं भिताडाला टेकून ऱ्हाणार न्हाय. कुठं बसवायचा, किती वर काढायचा, ते तुमी बघा. गणित तुमचं."

'किती वर' हे शब्द मी घट्ट धरून ठेवले. माझ्या हातात तेवढंच उरलं होतं.

रविवारी लोक जमायच्या आधी मी गवंड्याला घेऊन पोचलो. उताराच्या तोंडाशी, जिथे पहिलं पाऊल पडतं, तिथे आडवा खड्डा घेतला. सहा इंच दगडाला, शिवाय दोन इंच त्याच्याखालच्या वाळूला. दगड बसल्यावर पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा जागचा हलत नव्हता. अलीकडे जमिनीशी, पलीकडे उताराच्या फरशीशी, दोन्ही सांध्यांवर नखसुद्धा अडकत नव्हतं.

तात्या आले आणि जागच्या जागी थांबले. "मास्तर, हे काय? नाव गाडलंस व्हय त्याचं?"

"पायरीच आहे, तात्या. उंची नाही एवढंच."

"बिनउंचीची पायरी असती व्हय कुठं? इंचभर तरी वर काढ."

"इंचावरसुद्धा चाक अडतं."

तेवढ्यात तुझ्या वस्तीतली मंडळी पुढे झाली. त्यातला एक जण शांतपणे म्हणाला, आणि त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली. "मास्तर, बाकीच्यांची नावं वर आन आमचं तेवढं मातीत. असं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाजेचा मुद्दा, चाकाचा मुद्दा, त्या क्षणी कशालाच अर्थ नव्हता. मी म्हणालो, "आक्का येतायत. त्या वर काढा म्हणाल्या तर ही पहार इथेच आहे. मी स्वतः काढतो."

आणि त्या तसं म्हणतील असंच मला वाटत होतं, केरबा. मी पहार हातातच ठेवली होती.

आक्का तुझ्या थोरल्या मुलीचा हात धरून आल्या. पांढरं लुगडं, हातात काठी. कोणाकडे बघितलं नाही. लोकांनी वाट दिली. त्यांची नजर समोर दाराकडे होती, आणि तसंही मोतीबिंदूमुळे पायाखालचं त्यांना फारसं दिसत नाही. काठी दगडावर वाजली, मग फरशीवर वाजली. त्या चालत राहिल्या. एकवीस फूट सरळ. मी प्रत्येक पाऊल मोजत होतो. वळणावर, तू ठेवलेल्या सपाट जागेवर, त्या दम खायला थांबल्या आणि नांदरुकाच्या बुंध्याला हात लावला. तिथेच मुळानं फरशी पुन्हा उचललेली. काठी अडकली. तुझ्या-माझ्या भांडणाचा निकाल आता, इथेच, या म्हातारीच्या पायावर लागतोय असं मला वाटलं.

"हितं काय हाय?" त्यांनी नातीला विचारलं.

"झाडाचं मूळ हाय, आज्जी."

त्यांनी काठीनं चाचपून बघितलं. "वाढलंय की," म्हणाल्या, आणि पाय उचलून पलीकडे टाकला.

पुढचे नऊ फूट त्यांनी नातीचा हात सोडून दिला. ओसरीवर पोचल्या, वखारीच्या तुळयांखाली उभ्या राहिल्या आणि वळल्या. आम्ही सगळे खाली होतो. तात्या, कमिटी, तुझी वस्ती, मी.  माझ्या हातातली पहार जड झाली होती.

"मास्तर," त्यांनी वरून हाक मारली. "कुठं हाय रं ती पायरी?"

"ओलांडली की तुम्ही, आक्का. खाली, पहिल्याच पावलाला."

त्यांनी खाली बघितलं. त्यांना दगड दिसला असेल असं मला वाटत नाही. आम्ही मात्र दिसत होतो, सगळेच्या सगळे, माना वर करून उभे.

"म्हंजे चढले म्हन की मी."

"चढलात," मी म्हणालो. "पुरे अडीच फूट."